दिसलं नाही असं लिहा

विमलताई वानखेडे हे नाव आमच्या आरोग्य केंद्राच्या हजेरीपटावर होतं, गावात नव्हतं. गावात त्या 'रक्तवाल्या बाई' होत्या. बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घेणाऱ्या, थुंकीची डबी हातात देऊन "सकाळी उठल्याबरोबर, चूळ भरून, खोलातून खोका" असं सांगणाऱ्या. मोताळा तालुक्यातल्या त्या गावात मी औषधनिर्माता म्हणून रुजू झालो तेव्हा त्यांची तिथं अकरा वर्षं झाली होती. माझी औषधाची खिडकी आणि त्यांची प्रयोगशाळा यांच्यामध्ये एक प्लायवूडची भिंत होती. तिकडे काच काचेवर टेकली तरी इकडे ऐकू यायचं.

पहिल्या दिवशी त्या स्पिरिट मागायला आल्या.

"कुठचे तुम्ही?"

"देऊळघाटचा. राऊत."

"मंग तं जवळचेच. रोज जाणं-येणं करान?"

"नाही, इथंच खोली घेतो आहे."

"हाव, सगळे पह्यल्या महिन्यात असंच म्हणतात," असं म्हणून त्या बाटली घेऊन गेल्या. मी खरंच खोली घेतली, तेव्हा तीन महिन्यांनी त्यांनी घरून डब्यात शेंगदाण्याची चटणी आणून माझ्या खिडकीत ठेवली. तेव्हापासून मी राऊतभाऊ झालो.

उंचीनं बेताच्या, आवाज जरा जाड, चालणं भरभर. उजव्या हाताची तीन बोटं कायम जांभळी. काचेवरचं रक्त सूक्ष्मदर्शकात दिसावं म्हणून त्याला रंग द्यावा लागतो. तो रंग बोटांत मुरलेला. एकदा लग्नाच्या पंगतीत एका बाईनं विचारलं, "मेंदी अशी काऊन रंगली वं तुमची?" तर विमलताई म्हणाल्या, "सरकारी मेंदी हाये, जात नाही."

सूक्ष्मदर्शकात बघताना त्या डोळा मिटत नसत. डावा डोळा उघडाच, समोरच्या भिंतीवर. मला नवल वाटायचं. म्हणाल्या, "एक मिटला की दुसऱ्याले ताण येते. उघडा ठेवाचा, पण त्याचं ऐकाचं नाही." एकदा मलाही त्यांनी बसवलं. मला जांभळ्या ठिपक्यांचं चांदणं दिसलं, बाकी काही कळलं नाही.

"काय शोधून राह्यले?"

"मलेरियाचा जंतू."

"शोधू नका आधी. नुसतं पाह्यजा. शोधाले बसलं की पाह्यजे तेच दिसते."

थुंकीच्या एका काचेवर निदान शंभर जागा बघायच्या असा नियम आहे. एका वेळी जेवढा प्रकाशाचा गोल दिसतो ती एक जागा. शंभर मोजताना चूक होऊ नये म्हणून त्या दोन वाट्या ठेवत, एकीत शंभर चिंचोके. एक जागा पाहून झाली की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. भिंतीच्या अलीकडे मला दिवसभर ते टकटक ऐकू यायचं. एकदा आमचे तेव्हाचे मोठे डॉक्टर जिल्ह्याच्या बैठकीला निघाले होते आणि सहा तपासण्या शिल्लक होत्या. ते दारात उभे राहून म्हणाले, "मॅडम, वीस-वीस जागा बघा आणि द्या ना. कोण मोजतंय?"

आतून टकटक चालूच राहिली. थोड्या वेळानं आवाज आला, "मी मोजून राह्यली ना, सर."

बैठकीला त्या दिवशी तीनच अहवाल गेले.

आणि एक गोष्ट होती त्यांची, जिच्यावरून त्या नव्या आशाताईंशीही हुज्जत घालत. जंतू नाही सापडला तर अहवालात 'नाही' असं लिहायचं नाही. 'आढळले नाही' असं लिहायचं. एका आशाताईनं तोंडी सांगताना "बाबांना काही नाहीये" म्हटलं, तर विमलताईंनी तिला आत बोलावलं. "नाहीये हे तुले कोणं सांगतलं? मले दिसलं नाही, येवढंच झालं. दिसलं नाही असं लिहा, दिसलं नाही असंच सांगा. मंग तो माणूस पुन्हा खोकला आला तं पुन्हा येते."

मला त्या वेळी हा शब्दांचा कीस वाटायचा.

तीन वर्षांपूर्वी सोयाबीन निघायच्या दिवसांत त्यांचं डोकं दुखायला लागलं. आठवडाभर तापासारखं अंग, मान आखडलेली, कानात सतत शिट्टी. गोळ्या मीच दिल्या, साध्या डोकेदुखीच्या. त्या म्हणाल्या, "केस विंचरले तरी दुखते भाऊ. केसं दुखतात का कोणाचे?" मी म्हणालो, उन्हाचं असेल. दोघंही आरोग्य खात्यातले, आणि दोघांनीही ते उन्हावर ढकललं.

मग एके सकाळी भिंतीपलीकडे टकटक सुरू झाली आणि थांबली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली. भिंग पुसायच्या कागदाची सळसळ. थोड्या वेळानं त्या माझ्याकडे आल्या. "बल्ब हाये का सूक्ष्मदर्शकाचा? गोलाच्या मधातच मळकट डाग दिसून राह्यला." बल्ब बदलला. डाग गेला नाही. भिंग तीनदा पुसलं. मग त्यांनी आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच उजवा डोळा सोडून डावा लावला. मी दारात उभा होतो. त्यांनी मान वर केली आणि खिडकीकडे पाहिलं. खिडकीला उभे गज होते.

"राऊतभाऊ, हे गज सरळ हायेत का?"

"सरळच आहेत."

"मले वाकडे दिसून राह्यले. दोनी डोळ्यांनी." मग त्यांनी यंत्रावर झाकण घातलं. "खुर्दबीन चांगली हाये. मीच बिघडली."

त्यांचे यजमान सुखदेवभाऊ पाच एकर कापूस-सोयाबीन करत. ते मळणी सोडून आले आणि त्यांना मोटारसायकलवर मोताळ्याला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदारानं नंबर वाढला म्हणून सांगितलं आणि नवी काच बसवायला घेतली. विमलताई उठून आल्या. "आठ दिवसांत नंबर येवढा बदलत नाही," त्या म्हणाल्या, "आणि नंबर बदलला तं अंधुक दिसन, वाकडं काऊन दिसन?" त्याच दुपारी दोघं बुलढाण्याला गेली. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बुबुळं मोठी करायचे थेंब टाकून आत पाहिलं आणि सांगितलं, दोन्ही डोळ्यांचा आतला पडदा जागेवरून उचलला गेलाय, उद्याच संभाजीनगरला जा.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, रक्तवाल्या बाईंचा पडदा सरकला. पडदा सरकला म्हणजे ऑपरेशन, हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे, कारण प्रत्येकाच्या नात्यात एक तरी माणूस त्यातून गेलेला असतो किंवा वेळेवर न गेल्यानं एका डोळ्यानं बसलेला असतो. त्यांच्या सासूबाईंनी शेजारच्या गावातून कुठल्याशा पाल्याच्या रसाचे थेंब मागवले. लहानशी बाटली, तोंडाला कापूस. मी तेव्हा त्यांच्या घरी होतो. विमलताईंनी बाटली हातात घेतली, नाकाजवळ नेली, आणि शांतपणे म्हणाल्या, "आई, तुम्ही माझ्यासाठी आणली, मले समजते. पण ह्या पाण्यात काय काय हाये ते मी खुर्दबिनीत पाह्यलं हाये. एका बुवाच्या बाटलीतलं. डोळ्यात टाकाजोगं नाही ते." सासूबाई रुसल्या नाहीत. बाटली उचलून त्यांनी उकिरड्यावर ओतली आणि उद्याच्या प्रवासासाठी दशम्या करायला घेतल्या.

पण विमलताईंना दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याआधी एक काम करायचं होतं. त्यांनी मला प्रयोगशाळेत नेलं. नोंदवही मीच उघडली, कारण त्यांना आता ओळी लाटांसारख्या दिसत होत्या.

"डोकं दुखाले कधी लागलं? गोळ्या कोणत्या दिवशी नेल्या मी?"

मी माझ्या नोंदीतून तारीख सांगितली.

"तिच्या दोन दिवस आधीपासून लाल रेघ मारा. आजपर्यंत."

त्या रेघेत एक्केचाळीस काचा आल्या. तपासलेल्या काचा ठेवलेल्याच असतात, पेटीत ओळीनं. "ह्या सगळ्या तालुक्याले पाठवा. पुन्हा पाह्याले लावा. मी पाह्यलं, पण माझ्या पाह्यण्याचा आता भरवसा नाही."

नवे मोठे डॉक्टर, वयानं लहान, कामाचे चांगले, जरा अडखळले. "मॅडम, तेव्हा तुम्हाला दिसत होतं ना? उगाच प्रश्न येतील. तुमच्यावरच येतील."

"येऊ द्या सर. मी इथं बसून हाये तं नाही, मी चालली संभाजीनगरले. तुम्ही पाठवा." मग म्हणाल्या, "त्या एक्केचाळीस जणांले मी 'दिसलं नाही' असं लिहून देल्लं. मले दिसतच नव्हतं तं ते लिहिणं खोटं होते ना."

सही कुठं करायची ते मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी केली. ती सही ओळ सोडून खाली घसरली.

संभाजीनगरला काय झालं ते मला नंतर सुखदेवभाऊंनी सांगितलं. ते कमी बोलणारे गृहस्थ, पण ही हकीगत ते एकही पायरी न सोडता सांगत. डॉक्टर एक बाई होत्या. त्यांनी डोळ्याचा आडवा छेद दाखवणारा फोटो काढला आणि पडद्यावर दाखवला. सुखदेवभाऊंना त्यात नांगरलेल्या वावरात पाणी साचावं तसे फुगे दिसले.

विमलताईंनी पहिला प्रश्न विचारला, "ऑपरेशन कधी?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुमचं ऑपरेशन नाही करायचं. हे नीट ऐका, कारण बाहेर लोक तुम्हाला वेगळं सांगतील. बहुतेकांचा पडदा सुटतो तो फाटल्यामुळं. एखादं भोक पडतं आणि पाणी मागं शिरतं. तसं असतं तर मी तुम्हाला आजच ऑपरेशनला घेतलं असतं, एक दिवससुद्धा थांबू दिलं नसतं. तुमचा पडदा फाटलेला नाही. त्याच्याखाली सूज आहे आणि सुजेचं पाणी झिरपून पडदा वर उचलला गेलाय. सूज उतरली की पाणी आटेल आणि पडदा आपोआप टेकेल."

"आणि सूज कायनं आली?"

"तुमच्याच शरीरानं आणली. रोगाशी लढणाऱ्या पेशी चुकून तुमच्याच रंगाच्या पेशींवर चालून गेल्यात. रंगाच्या पेशी डोळ्यात असतात, कानात असतात, कातडीत, केसांत असतात. कानात शिट्टी वाजते ना?"

"वाजते."

"केसांना हात लावला की दुखतं?"

सुखदेवभाऊ म्हणाले की त्या वेळी विमलताई पहिल्यांदा रडल्या. आजार मोठा म्हणून नाही. केस दुखतात हे कोणीतरी खरं मानलं म्हणून.

औषध स्टिरॉइडचं होतं, मोठ्या मात्रेचं, तीन दिवस शिरेतून. त्याआधी डॉक्टरबाईंनी विचारलं की काम काय करता. थुंकी तपासते म्हटल्यावर म्हणाल्या, मग आधी छातीचा फोटो आणि रक्त. आत क्षयरोग दबलेला असला तर या औषधानं तो उसळेल. विमलताईंना हे फार आवडलं. पुढं कित्येकदा त्या म्हणायच्या, "बाई पक्की होती. घाईत होती, तरी तपासल्याबिगर औषध नाही देल्लं."

फोटो स्वच्छ निघाला. सलाइन लागलं.

इकडे त्याच तीन दिवसांत तालुक्याहून फोन आला. एक्केचाळीसपैकी चाळीस काचांचे अहवाल बरोबर होते. एक चुकला होता. तुळशीराम नावाचे बकऱ्या चारणारे गृहस्थ, साठीचे. त्यांच्या थुंकीत क्षयाचे जंतू होते, आणि आमच्या वहीत 'आढळले नाही' असं लिहिलेलं होतं. मी आणि आशाताई त्यांना शोधायला निघालो. घरी नव्हते, गावाच्या उत्तरेला टेकडीच्या उतारावर बकऱ्यांमागे सापडले. बारा दिवस वाया गेले होते. खोकत होते, पण हिंडत होते. त्यांना गोळ्या सुरू झाल्या, घरच्या चौघांची तपासणी झाली. बायको, मुलगा, सून तिघांतही काही आढळलं नाही. लहान नातीला खबरदारीचं औषध दिलं.

मी ठरवलं होतं की हे विमलताईंना इतक्यात सांगायचं नाही. पण चौथ्या दिवशी सुखदेवभाऊंच्या फोनवरून त्यांचाच आवाज आला.

"काचांचं काय झालं?"

"ताई, तुमची तब्येत कशी आहे ते आधी सांगा."

"किती चुकल्या?"

"एक."

"कोण?"

मी नाव सांगितलं. गोळ्या सुरू झाल्याचं सांगितलं, नातीचं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "मले आज छताचा पंखा दिसला. काल पंख्याच्या जागी नुसता ढग होता. आज पाती हायेत." आणि फोन ठेवला.

नजर परत आली ती अशी हळूहळू. दवाखान्यातून त्यांना चौकटी-चौकटींचा एक कागद मिळाला होता, मध्ये एक ठिपका. रोज एकेक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं आणि कोणत्या रेघा वाकड्या दिसतात ते टिपायचं. विमलताईंनी एका वहीत तसल्याच चौकटी आखायला लावल्या. आखायचे सुखदेवभाऊ, पट्टीनं, शेतावरून येऊन. त्यांना रेघ सरळ येत नसे. "आता ही तुमची वाकडी का माझी वाकडी?" असं त्या विचारत आणि मग दोघं पुन्हा पट्टी लावून बघत. मी भेटायला गेलो की वही दाखवायच्या: आज डावीकडच्या तीन सरळ, आज पाच, आज कालच्यापेक्षा एक कमी. महिन्यानं पुन्हा फोटो काढला, तेव्हा डाव्या डोळ्यातलं पाणी आटलं होतं आणि पडदा टेकला होता. उजव्याला अजून दीड महिना लागला.

औषधानं त्यांना सुखानं राहू दिलं नाही. तोंड सुजून गोल झालं, साखर वाढली, झोप उडाली. त्या चिडायला लागल्या. भाजीत मीठ कमी म्हणून एकदा सुखदेवभाऊंवर असं बोलल्या की ते ताटावरून उठून गोठ्यात जाऊन बसले. अर्ध्या तासानं त्या तिथं गेल्या. "हे मी नाही बोलून राह्यली, ही गोळी बोलून राह्यली," त्या म्हणाल्या. सुखदेवभाऊ म्हणाले, "मंग गोळीले सांग, मले भूक लागली." बरं वाटू लागल्यावर औषध आपल्या मनानं सोडणारे आम्ही रोज पाहतो. विमलताईंनी एक गोळीही चुकवली नाही, एकही आपल्या मनानं कमी केली नाही. साडेदहा महिने डॉक्टरबाई सांगतील तसतशी मात्रा उतरत गेली.

चौथ्या महिन्यात त्या कामावर यायला मोकळ्या झाल्या, तसं प्रमाणपत्रही मिळालं. त्यांनी तालुक्याच्या पर्यवेक्षकांना फोन केला आणि वीस काचा मागवल्या, ज्यांचे निकाल फक्त पर्यवेक्षकांना माहीत आहेत अशा. पर्यवेक्षक म्हणाले, नियमात असं काही नाही. त्या म्हणाल्या, माझ्यासाठी पाठवा. काचा आल्या. दोन दिवस भिंतीपलीकडे टकटक चालली. वीसपैकी एकोणीस बरोबर आल्या.

"एवढं तर चांगल्या डोळ्यांचंही चुकतं," पर्यवेक्षक म्हणाले.

"चुकत असन. पण माझी एक चूक बकऱ्या चारून राह्यली," त्या म्हणाल्या, आणि आणखी एक महिना त्यांनी काचा तयार केल्या, रंगवल्या, पण तपासायला तालुक्याला पाठवल्या. महिन्यानं पुन्हा वीस मागवल्या. वीसही बरोबर आल्या. त्या दिवशी त्यांनी वहीत सही केली. उजव्या डोळ्यात मधोमध एक बारीक लाट राहून गेली होती, ती पुढंही गेली नाही. म्हणून त्या आता डाव्या डोळ्यानं बघायला लागल्या आणि उजवा भिंतीवर ठेवला. नव्यानं शिकल्यासारख्या शिकल्या.

तुळशीरामांना त्या भेटायला गेल्या तेव्हा मी सोबत होतो. ते अंगणात बाजेवर बसलेले, औषधांचा कोर्स संपत आलेला, अंगावर थोडं मांस आलेलं. विमलताई उभ्याच राहिल्या.

"जय भीम, बाबा. मी रक्तवाली बाई. तुमची पह्यली तपासणी मी चुकवली होती. तुमाले बारा दिवस औषधाबिगर राहा लागलं, ते माझ्यापाई."

तुळशीरामबाबा त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मले तं मालूमच नाही. मले वाटलं, सरकारनं मेहरबानी केली, घरी येऊन सांगतलं." थोड्या वेळानं विचारलं, "आन् तुमच्या पापण्याले काय झालं, बाई?"

तोवर ते सुरू झालं होतं. डॉक्टरबाईंनी सांगितलंच होतं की डोळे बरे झाल्यावर रंग जाऊ शकतो. आधी पापण्यांचे केस पांढरे झाले, एकेक करत, मग डावी भुवई, मग कपाळावर आणि मानेवर पांढरे डाग. गावात कोड म्हणजे काय असतं ते सांगायला नको. एका बाईनं आपल्या मुलीचं बोट त्यांच्या हातात द्यायला नकार दिला. "दुसरं कोणी नाही का सुई टोचाले?"

विमलताईंनी सुई खाली ठेवली. "लागत नाही हे, बाई. लागलं असतं तं माह्या नवऱ्याले पह्यले लागलं असतं. थो सोळा वर्षापासून काळाच हाये." रांगेत हसू पसरलं. त्या बाईनंही मग मुलीचा हात पुढं केला.

पण असं नेहमीच हसण्यावर जात नसे, हेही सांगायला हवं. एकदा दुपारी मी आत गेलो तर त्या स्पिरिटच्या कपाटाच्या काचेत आपलं कपाळ बघत होत्या. मला पाहून बाजूला झाल्या नाहीत. म्हणाल्या, "नजर परत आली नसती तं हे मले दिसलं नसतं, नाही का?" मी काहीतरी बरं बोलायचा प्रयत्न केला. त्यांनी हातानं थांबवलं. "तसं नाही, राऊतभाऊ. मी तक्रार करून नाही राह्यली. वाईट वाटते, येवढंच. वाईट वाटू द्या की थोडं." त्या एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुकीत त्या पांढरं लुगडं नेसून, डोक्यावरचा पदर मागं टाकून, पहिल्या रांगेत चालल्या. पावडर लावलेली नव्हती. मी पोलीस पाटलांच्या ओट्यावरून पाहिलं.

गेल्या वर्षी माझी बदली झाली. निरोपसमारंभात त्या दोन वाक्यं बोलल्या आणि बसल्या. नंतर फोनवर कधीतरी बोलणं व्हायचं, कामाचंच जास्त. दर तीन महिन्यांनी त्या अजून संभाजीनगरला डोळे दाखवून येतात, कारण हा आजार उलटू शकतो, हे त्या स्वतःहून सांगतात.

मध्यंतरी एकदा बुलढाण्याच्या बसस्थानकावर त्या मला दिसल्या. भर दुपार होती. मी रस्त्याच्या पलीकडे रसवंतीच्या सावलीत उभा होतो. साखरखेर्डा त्यांचं माहेर, बहुधा तिकडे निघाल्या असाव्यात. हातात पिशवी, डोळ्यांवर काळा गॉगल. नव्या एसटीच्या कपाळावर आता लाल दिव्यांची अक्षरं असतात, ती उन्हात कोणालाच धड दिसत नाहीत. एका म्हातारीनं त्यांना विचारलं, "बाई, हे कुठची गाडी वं? मले साखरखेर्ड्याले जाचं हाये."

विमलताईंनी गॉगल काढला. एवढ्या लांबूनही त्या पापण्या पांढऱ्याशुभ्र दिसल्या. मान जराशी कलती करून, डावा डोळा पुढं करून त्यांनी पाटीकडे पाहिलं. घाई केली नाही. अक्षरं सरकत होती, ती पूर्ण येऊन जाईपर्यंत थांबल्या.

"मेहकर, आजी. तुमची नाही."

मग एका माणसानं विचारलं. मग लेकरू कडेवर घेतलेल्या एका पोरीनं. गाड्या येत होत्या आणि त्या गॉगल हातातच धरून, उन्हात उभ्या राहून, एकेक पाटी वाचून सांगत होत्या. मी हाक मारणार होतो, पण मारली नाही. तेवढ्यात साखरखेर्ड्याची गाडी लागली. त्यांनी ती वाचली, म्हातारीचा दंड धरला, तिला आधी चढवलं आणि मागून स्वतः चढल्या.